मंत्रचळावर उपचार: नाशिकमध्ये ओसीडीची थेरपी शोधताना आणि करताना

मंत्रचळ हा शब्द आपल्याकडे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर) या नावाच्या कितीतरी आधीपासून आहे. हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालेली काकू, कुलूप ओढून बघायला तीनदा जिना चढून येणारे शेजारचे आजोबा, न्हाणीघरात दीड तास लावणारा पुतण्या, सगळ्यांना तोच शब्द लागला आणि बहुतेकदा थट्टेतच लागला. "त्याचा स्वभावच तसा" म्हटलं की विषय संपतो, आणि उपचाराला यायला वर्षानुवर्षं उलटतात. स्वभाव कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे ओळखायला साधा हिशेब पुरतो. दिवसातला तासाभराहून जास्त वेळ यात जातो का? त्यापायी नोकरी, अभ्यास, झोप, घरातली नाती अडतात का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर दाखवून घ्यायचं.

आजाराचे भाग दोन. पहिला म्हणजे नको असताना डोक्यात घुसणारा विचार, शंका किंवा चित्र. दुसरा म्हणजे त्यातून उठलेली घालमेल शमवायला केलेली कृती. कृती हातानेच होते असं नाही. मनातल्या मनात नामजप करून विचार 'पुसणं', काल संध्याकाळी नक्की काय घडलं हे पंचवीस वेळा आठवून बघणं, बायकोला "मी दार लावलं ना?" विचारणं, गुगलवर "नोटेला हात लावून आजार होतो का" शोधत बसणं, या सगळ्या कृतीच. प्रत्येक कृतीनंतर पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. तेवढ्यात मेंदू शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी शंका आणखी लवकर येते आणि धुणं आणखी लांबतं.

म्हणून थेरपीत विचार बंद पाडायच्या फंदात पडत नाहीत. ते कोणालाच जमत नाही. बंद करायची असते ती विचारामागून येणारी कृती.

कोणती थेरपी मागायची

तिचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी. ही सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या थेरपीच्या घराण्यातली. ज्याची भीती वाटते त्याला ठरवून, पायरीपायरीने सामोरं जायचं आणि त्यानंतरची नेहमीची कृती करायची नाही, एवढंच तिचं सूत्र. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवर केलेलं असं काम प्रसिद्ध केलं. तोवर ओसीडी म्हणजे जन्माचं दुखणं असंच डॉक्टरही धरून चालत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ईआरपी, क्लोमिप्रामिन हे औषध, दोन्ही एकत्र आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी अशी चौघांची तुलना झाली. अर्ध्यात सोडून गेलेलेही मोजले तर प्रतिसाद मिळालेल्यांचं प्रमाण ईआरपीत ६२ टक्के, क्लोमिप्रामिनमध्ये ४२, दोन्ही मिळून ७० आणि दिखाऊ गोळीत ८ टक्के होतं.

आता व्यवहारातली अडचण. 'काउन्सेलिंग' या पाटीखाली काहीही मिळतं. मनगटाला रबरबँड लावून विचार आला की ताणून सोडा, दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक वाक्यं म्हणा, बालपणाबद्दल बोला. यातलं काही कानाला गोड लागेल, ओसीडीवर ते पुरत नाही. रबरबँड तर उलटाच पडतो, कारण विचार दडपायला गेलं की तो दुप्पट जोराने येतो. श्वासाचा व्यायाम एरवी चांगला, पण घालमेल उठली की लगेच श्वास मोजायला बसलात तर तीच एक नवी कृती होते.

म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या. "ओसीडीसाठी तुम्ही ईआरपी करता का?" एवढ्यावर थांबू नका, कारण 'हो' सगळेच म्हणतात. पुढे विचारा, "माझी भीती गॅस उघडा राहण्याची आहे, तर तिसऱ्या-चौथ्या सेशनला साधारण काय करायला लावाल?" ज्याला काम येतं तो शिडी (सोप्या भीतीकडून अवघड भीतीकडे लावलेल्या पायऱ्या), नोंदी, घरचा अभ्यास असं काहीतरी ठोस सांगेल. "आधी आपण मन शांत करू" इथेच उत्तर थांबलं तर दुसरा नंबर लावा. सेशन किती मिनिटांचं, हेही विचारा. ईआरपीला ६० ते ९० मिनिटं लागतात. अर्ध्या तासात घालमेल नुसती चढते आणि माणूस तशाच अवस्थेत बाहेर पडतो. एकूण १२ ते २० सेशन धरून चाला. पहिली दोन-तीन माहिती आणि शिडी बांधण्यात जातात. सहाव्या सेशनलाही नुसत्याच गप्पा चालल्या असतील तर स्पष्ट विचारायला हरकत नाही.

पात्रता बघताना मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध लिहून देणारा एमडी किंवा डीपीएम डॉक्टर, त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. समुपदेशक या शब्दाला असं कुंपण नाही, तिथे प्रशिक्षण विचारूनच घ्यावं.

नाशिकमध्ये कुठून सुरुवात करायची

पैशाची ओढाताण असेल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. आडगावला मविप्रच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. इगतपुरी, घोटीकडच्यांना धामणगावचं एसएमबीटी रुग्णालय जवळ पडतं. सरकारी ओपीडीत गर्दी असते, तिथे दर आठवड्याला दीड तास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. निदान आणि औषध तिथे, थेरपी दुसरीकडे किंवा ऑनलाइन, अशी विभागणी करून घेतलेली बरी.

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या पट्ट्यात खासगी क्लिनिकं पुष्कळ आहेत, पण नाशिकचाच थेरपिस्ट हवा असा हट्ट नको. व्हिडिओ कॉलवर ईआरपी चांगली होते, आणि काही बाबतीत क्लिनिकपेक्षा सरस. भीती तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची असेल तर फोन ओट्यावरच टेकवून ठेवता येतो.

सुरगाणा, पेठ, कळवण, मालेगावहून येणाऱ्यांना दर आठवड्याच्या फेऱ्या झेपत नाहीत, आणि चौथ्या फेरीला उपचार सुटतो. अशांनी लागोपाठ दिवसांची, लांब सेशन मागावीत. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये चार दिवसांत सलग ईआरपी करायची पद्धत चालते, म्हणजे एकवटून करणं हे काही जुगाड नव्हे. आजार फारच वाढला असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

कुठे जायचं हेच ठरत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा. ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर ओपीडीच्या दिवसाची वाट बघू नका, हाच नंबर किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावा आणि एकटे राहू नका.

पहिल्या भेटीला जाताना आठवडाभराच्या नोंदी न्या. वहीत चार रकाने आखा: कधी, काय मनात आलं, काय केलं, किती मिनिटं गेली. धुण्याचा त्रास असेल तर साबणाच्या वेष्टनावर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. वडी किती दिवसांत संपली हा आकडा रुग्णाच्या आणि घरच्यांच्या अंदाजापेक्षा खरा निघतो, आणि सुधारणा मोजायलाही तोच उपयोगी पडतो. लाजेपोटी अर्धं झाकून ठेवू नका. देवाबद्दल घाण विचार, स्वतःच्या बाळाला इजा करण्याची चित्रं, नात्यातल्या माणसाविषयी नकोसे लैंगिक विचार हे ओसीडीत नेहमीचेच आहेत. ज्या थेरपिस्टने ओसीडी पाहिली आहे त्याच्या भुवया त्याने वर जात नाहीत. तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेच त्याच्यावर आहे.

तिथे वाय-बॉक्स नावाची दहा प्रश्नांची मोजणी करून मागा. गुण ० ते ४०. १६ ते २३ मध्यम, २४ ते ३१ तीव्र, त्यापुढे अतितीव्र. दर महिन्याला तीच पुन्हा करायची. साधारण ३५ टक्के उतार पडला की उपचार लागू पडला असं धरतात, म्हणजे २८ वरून १८ च्या आसपास. "बरं वाटतंय का?" या प्रश्नाला ओसीडीचा माणूस कधीच धड उत्तर देत नाही, त्याला त्याचीही शंकाच असते. आकडा बरा.

शिडी कशी बांधायची

संसर्गाच्या भीतीचं उदाहरण घेऊ. माणूस पंचवटीत राहतो, निमाणीहून सिटीलिंकची बस पकडून नाशिकरोडला कामाला जातो. बसचा दांडा पकडला की हात 'खराब', घरी आल्यावर चाळीस मिनिटं नळ चालू, कपडे उंबऱ्यावरच उतरवायचे. भीतीला ० ते १०० गुण द्यायचे आणि सोप्याकडून अवघडाकडे लिहायचं:

२५ – घराच्या बाहेरची कडी पूर्ण तळव्याने धरणं
४० – दहाची मळकी नोट हातात चुरगाळणं
५५ – बसचा दांडा पूर्ण प्रवासभर धरणं
६५ – तोच हात स्वतःच्या गालाला, मोबाइलला लावणं
७५ – तोच हात आपल्या उशीवर घासणं
९० – बसस्टँडच्या शौचालयाची कडी धरून नंतर डबा खाणं

(ज्या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात तिथे नोटेला हात न लावता जगणारी माणसं असावीत, ही गंमत आहेच. पण यूपीआय आल्यापासून हे टाळणं इतकं सोपं झालंय की घरच्यांच्या लक्षातही येत नाही.)

सुरुवात ३०-४० च्या पायरीपासून. समजा नोट. नोट हातात घेण्याआधी वहीत लिहायचं, "दोन तास हात न धुता राहिलो तर ___ होईल." रिकामी जागा खरी भरा. "मला सहन होणार नाही, मी ओरडत सुटेन" असं असेल तर तेच लिहा. मग नोट घ्या, दोन्ही तळव्यांत चोळा, बोटांच्या बेचक्यांतही. हात शर्टाला, केसांना, टीव्हीच्या रिमोटला लावा. घालमेलीचा आकडा सुरुवातीला, १५ मिनिटांनी, तासाने आणि दोन तासांनी लिहा. मधल्या वेळात नेहमीची कामं चालू ठेवा. आकडा बहुतेकदा उतरतो. नाही उतरला तरी पायरी वाया गेली असं समजू नका. 'ओरडत सुटेन' हे भाकीत खरं ठरलं का, एवढं तपासा. तीच पायरी रोज, आठवडाभर, वेगवेगळ्या जागी करा: घरी, रविवार कारंजावर, ऑफिसच्या जिन्यात. एकाच खुर्चीत बसून जमलेलं दुसरीकडे उपयोगी पडेलच असं नाही.

जेवणाआधी हात तर धुवायचेच. शौचालयानंतर आणि जेवणाआधी वीस सेकंद, एकदा साबण, संपलं. धुऊन झाल्यावर 'शुद्ध' झाल्याचा दिलासा टिकू द्यायचा नाही. त्यासाठी एक युक्ती आहे: बसच्या दांड्यावर फिरवलेला रुमाल खिशात ठेवायचा, आणि हात धुतले की त्याला पुन्हा हात लावून मग ताटावर बसायचं. शिडीवर बरंच वर चढल्यावरची ही गोष्ट आहे, पहिल्या आठवड्यातली नव्हे. आंघोळीला एक बादली आणि दहा मिनिटांचा गजर. शॉवर असेल तर या काळात बंद, कारण शॉवरला शेवट नसतो, बादलीला असतो.

गॅस उघडा राहण्याची भीती असलेल्यांचं काम याहून आटोपशीर आहे. चहा करा, बटण एकदा बंद करा, एकदा बघा, घराबाहेर पडा. बटणाकडे बोट दाखवून मोठ्याने "बंद" म्हणणं, मोबाइलमध्ये फोटो काढणं, सातपूरला पोचल्यावर घरी फोन करणं, हे तिन्ही वर्ज्य. फोटो सगळ्यात फसवा. आठवड्याभरात "हा फोटो आजचाच ना?" सुरू होतं. शंका आली की उत्तर द्यायचं, "राहिला असेल उघडा, नसेलही." हे वाक्य चीड आणतं, पण नेमकं तेवढ्यासाठीच ते आहे. शंभर टक्के खातरी मिळवण्याच्या हट्टावरच हा आजार जगतो.

कुठे बिघडतं

अर्धवट सामोरं जाणं ही पहिली चूक. दांडा दोन बोटांच्या टोकांनी धरला, दुसरा हात 'चांगला' म्हणून पाठीमागे लपवला, की मेंदू शिकतो की तो लपवलेला हात होता म्हणून निभावलं. सॅनिटायझरचा एक थेंब, पँटला पुसलेला तळवा, मनात म्हटलेलं "डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणजे काही होणार नाही" हे सगळं त्याच जातीचं. शेवटचं तर थेरपिस्टच्याही नजरेतून सुटतं.

दुसरी चूक उत्साहाची. पहिल्याच रविवारी थेट ९० ची पायरी घेतात, मध्येच पळून येऊन तासभर धुतात आणि "ईआरपी माझ्यासाठी नाही" असा निकाल लावतात. पळून आलात तर निकाल लावू नका. त्याच दिवशी दोन पायऱ्या खाली उतरून एक पूर्ण करा. तिसरी चूक, सराव फक्त सेशनपुरता ठेवणं. ४५ ते ६० मिनिटं, रोज. आठवड्यातून एकदाच केलेली ईआरपी पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही. सरावाच्या आधी झोपेची किंवा घबराट घालवणारी गोळी घेतली तरी तेच होतं: घालमेल आलीच नाही, तर तिच्यासोबत राहता येतं हे शिकणार कुठे?

आणि एक कारस्थान ओसीडीचंच. काही जण ईआरपीचीच कृती करून टाकतात. पायरी 'बरोब्बर' झाली का, नोंद नीट लिहिली का, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. अशांनी वही मुद्दाम खराब अक्षरात लिहावी.

मनातल्या मनात चालणारी ओसीडी

हात कोरडे, घर स्वच्छ, बाहेरून काही दिसत नाही. काळारामाच्या गाभाऱ्यासमोर उभं राहिलं की मूर्तीबद्दल अश्लील शब्द मनात येतात, मग एकशे आठ वेळा क्षमा, मग देवळात जाणंच बंद. इथे शिडीत दर्शनच असतं: आधी बाहेरच्या आवारात, मग सभामंडपात, मग मूर्तीसमोर. विचार आला तर येऊ द्यायचा, क्षमा मागायची नाही, जपाने झाकायचा नाही, इतर भक्त करतात तेवढाच नमस्कार करून परत फिरायचं. सोबत मोबाइलवर स्वतःच्या आवाजात दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करतात: "देवासमोर माझ्या मनात घाणेरडे शब्द येतात. मी पापी आहे की नाही, हे मला कधीच पक्कं कळणार नाही." ते रोज अर्धा तास पुन्हा पुन्हा ऐकायचं. विसाव्या वेळेला कंटाळा यायला लागतो, तेच हवं असतं.

श्रद्धा मोडायला कोणी सांगत असेल तर तो थेरपिस्ट चुकतोय. मोजपट्टी एकच: त्याच घरातलं, तितकंच देवभोळं पण ओसीडी नसलेलं माणूस काय करेल? आजी सोवळ्यात स्वयंपाक करते आणि अर्ध्या तासात संपवते, तो तिचा आचार. नात पाळीच्या शंकेने दिवसातून नऊ वेळा नहाते, तो आजार.

बाळंतिणींबद्दल थोडं वेगळं लिहायला हवं. विळी दिसली की बाळाला इजा होईल असं चित्र डोळ्यांसमोर येतं, ती हादरते, विळी माळ्यावर टाकते, बाळाला सासूकडे देऊन टाकते. त्या विचाराने ती घाबरते आहे, हीच ओसीडीची खूण. तिला बाळापासून तोडलं तर भीतीला आपणच पुरावा दिल्यासारखं होतं. पण ती रात्र-रात्र झोपत नसेल, आवाज ऐकू येत असतील, बोलणं असंबद्ध झालं असेल, किंवा 'असं करायलाच हवं' असं तिला पटू लागलं असेल, तर ती ओसीडी नव्हे. त्याच दिवशी हॉस्पिटल, आणि बाळ दुसऱ्याच्या हाती.

गोळ्यांचं गणित

डोस डॉक्टरच ठरवतील. आकडे देतोय ते तुम्हाला प्रश्न विचारता यावेत म्हणून. पहिल्या फळीत सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, फ्लुवॉक्सामिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम. ओसीडीला नैराश्यापेक्षा जास्त डोस लागतो: सर्ट्रालिन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुऑक्सेटिन ६० ते ८०, फ्लुवॉक्सामिन ३०० पर्यंत नेतात. चढवायचा हळूहळू. आणि वाट बघायची ८ ते १२ आठवडे. बहुतेक लोक इथेच घसरतात. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलतात, नवा डॉक्टर नवी गोळी पुन्हा तळापासून सुरू करतो, आणि वर्षभरात चार औषधं 'फेल' ठरतात. प्रत्यक्षात एकही धड पोचलेलं नसतं. म्हणून कोणती गोळी, कमाल किती डोस, किती आठवडे, याचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

पहिल्या पंधरवड्यात मळमळ, पोट बिघडणं, बेचैनी होते, बहुतेकांची ओसरते. लैंगिक इच्छा कमी होणं टिकू शकतं, त्याबद्दल स्वतःहून बोला, डॉक्टर विचारतीलच असं नाही. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी नजर ठेवायची. पहिल्या फळीतल्या दोन गोळ्या पुरत्या वापरूनही भागलं नाही तर क्लोमिप्रामिन. औषध जुनं आणि जोरदार, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, आणि ईसीजी काढून घ्यावा लागतो. रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्रॅझोल थोड्या डोसात जोडलं तर चिठ्ठी वाचून घाबरू नका. ते 'वेडावरचं औषध' म्हणून दिलेलं नसतं, आधीच्या गोळीला जोड म्हणून असतं.

बरं वाटलं तरी किमान एक ते दोन वर्षं गोळी चालू ठेवतात आणि मग महिन्यामहिन्याने उतरवतात. एकदम थांबवली की चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, आणि नंतर आजार परत. गरोदरपण ठरवताना किंवा कळल्यावरही आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन.

याही पलीकडे आरटीएमएस हा चुंबकीय लहरींचा उपचार आहे. अमेरिकेत त्याच्या डीप टीएमएस प्रकाराला ओसीडीसाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. जिथे सुचवला जाईल तिथे आधी विचारा की ईआरपी पुरती झाली आहे का. मेडिक्लेम असेल तर मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा देणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मात्र बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचे आणि थेरपीचे नाहीत. पॉलिसीचा कागद आधी वाचा.

घरच्यांनी काय करायचं

"हो गं, बंद आहे गॅस, मीच बघितलाय." प्रेमाने दिलेलं हे उत्तर ओसीडीला खुराक पुरवतं. त्याच्यासाठी वेगळे टॉवेल, बाहेरून आल्यावर सगळ्यांनी अंगणात पाय धुणं, पाण्याची टाकी दुपारीच रिकामी झाली तरी गप्प बसणं, हेही. पण हे सगळं एका रात्रीत तोडू नका, मोठी भांडणं होतात. रुग्ण शांत असताना, थेरपिस्टसमोर, लिहून ठरवा: या आठवड्यापासून गॅसच्या प्रश्नाला दिवसातून तीनदाच उत्तर, पुढच्या आठवड्यात एकदा, मग नाही. ठरलेलं वाक्यही पाठ करून ठेवा: "हा प्रश्न ओसीडीचा आहे. उत्तर नाही देणार, पण मी इथे बसलेय तुझ्याजवळ." आणि आई नाही म्हणाली की बाबा देतात, असं व्हायला नको.

नाशिकमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस बसून ये." विपश्यना ही साधना आहे, ओसीडीचा उपचार नव्हे. दिवसभर गप्प बसून मनाकडे बघणं हे मनातल्या मनात ओसीडी चालणाऱ्याला आजार ऐन भरात असताना फार जड जाऊ शकतं. शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा, आणि शिबिरासाठी गोळ्या थांबवू नका. दुसरा, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी. करायचा तर करा, तीन दिवसांचा विधी आहे. फक्त अपॉइंटमेंटची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका, आणि "विधीत काही राहिलं का" म्हणून पुन्हा करायची वेळ आली तर ती गोष्ट गुरुजींना नव्हे, थेरपिस्टला सांगा.

परत डोकं वर काढतो तेव्हा

जागरण, परीक्षा, नोकरी बदल, घरातलं आजारपण, यांत लक्षणं थोडी वाढतातच. जुनी शिडी फेकू नका. थेरपी संपताना एका कागदावर आपली पहिली तीन चिन्हं लिहून ठेवा. उदाहरणार्थ, साबणाची वडी दहा दिवसांच्या आत संपली, घरी फोन करून गॅस विचारला, देवळात जायचं टाळलं. दोन चिन्हं दिसली की शिडीच्या मधल्या पायरीपासून आठवडाभर सराव, आणि तरी आटोक्यात आलं नाही तर एक सेशन.

सगळ्यात धोक्याचा आठवडा दिवाळीच्या साफसफाईचा. तेव्हा अख्खं घरच घासत-पुसत असतं, आणि कृतीला कौतुक मिळतं. आधीच यादी करा: कोणती खोली कोणाकडे, किती वेळ. ओसीडी असलेल्याच्या वाट्याला न्हाणीघर आणि देव्हारा देऊ नका, माळा द्या. दोन तासांचा गजर लावा. गजर झाला की माळ्यावर धूळ शिल्लक असली तरी खाली उतरायचं आणि त्याच हातांनी एक करंजी खायची.